श्रीमंत गावाचे स्वतःचे पोलीस : पाम बीचच्या निमित्ताने

पूलपार (धागाकर्ती)

मी फ्लोरिडात वेस्ट पाम बीचला राहते. नोकरी बांधकाम क्षेत्रातली, त्यामुळे पूल ओलांडून समोरच्या बेटावर, म्हणजे खऱ्या पाम बीचमध्ये, सारखं जाणं होतं. मध्ये लेक वर्थ लगून नावाची खाडी आणि तिच्यावर तीन पूल. पलीकडची कायमची वस्ती २०२० च्या जनगणनेत ९,२४५. एवढ्याशा गावाला स्वतःचा महापौर, पाच जणांची कौन्सिल, तिने नेमलेला टाऊन मॅनेजर, स्वतःचं अग्निशमन दल आणि स्वतःचं पोलीस खातं आहे. १९११ मध्ये गाव स्थापन झालं, आणि आज तिथे अमेरिकेतल्या सर्वात धनाढ्य माणसांची हिवाळ्यातली घरं आहेत.

ऑफिसात जेवताना परवा वाद झाला. एक सहकारी म्हणाला, "ते पोलीस म्हणजे बंगलेवाल्यांचे वॉचमन. पगार त्यांच्या मालमत्ता करातून येतो, मग ते त्यांच्याच दारात झडतीला कसे जातील?"

माझं म्हणणं उलटं आहे. हेच खातं २००५ मध्ये जेफ्री एपस्टीनच्या, म्हणजे अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोप झालेल्या धनाढ्याच्या, दारात गेलं होतं. तेव्हा तो या गावचा करदाता होता, त्याच्याकडे नामांकित वकिलांची फौज होती, आणि पुढे मागे हटले ते गावचे पोलीस नव्हेत. माघार वरच्या पायऱ्यांवर झाली. आपल्याकडच्या चर्चांत "अमेरिकेतसुद्धा व्यवस्था विकली गेली" एवढंच ऐकू येतं आणि या लहानशा खात्याने केलेलं काम कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्हाला काय वाटतं? गावाच्या मालकीचे पोलीस असावेत का? की त्यांचा दोर दूर कुठेतरी राजधानीत असलेला बरा?

---

अंजनवेल

थांबा, आधी मला नीट कळू दे. नगरपालिकेचे पोलीस? म्हणजे आपल्या नगराध्यक्षाच्या हाताखाली पीआय?? आमच्या गावात असं झालं तर निवडणुकीनंतर अर्धं गाव लॉकअपमध्ये आणि उरलेलं अर्धं पुढच्या निवडणुकीनंतर!

---

पूलपार

@अंजनवेल, अगदी तसं नाही. पोलीसप्रमुख टाऊन मॅनेजरला जबाबदार असतो. मॅनेजर हा पगारी अधिकारी, निवडून आलेला नव्हे. महापौर थेट फोन करून "याला सोडा" म्हणेल अशी रचना नाही, निदान कागदावर तरी.

आणि इथे एकाच जागी पोलिसांचे तीन-चार थर असतात, त्यामुळे बातम्या वाचताना गोंधळ होतो :

गावाचे पोलीस फक्त गावाच्या हद्दीपुरते. त्याच्यावर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, शेरीफ, तो मतदारांनी चार वर्षांसाठी निवडलेला, आणि तुरुंग त्याच्या ताब्यात. खटला भरायचा की नाही हे ठरवतो स्टेट अॅटर्नी, तोही निवडून आलेला. आणि केंद्रीय कायदा मोडला असेल तर एफबीआय आणि केंद्राचे वकील.

"पाम बीच पोलीस" आणि "पाम बीच काउंटी शेरीफ" ही दोन वेगळी खाती आहेत हे डोक्यात ठेवलं तर पुढचं बरंच सोपं होईल. एपस्टीनच्या बाबतीत एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर सर्रास टाकलं जातं.

---

खटलेवाला

ताई, लेख चांगला आहे, पण तुमचं चित्र फार उजळ आहे. त्याच खात्याचा जरा जुना इतिहास सांगतो.

पाम बीचमध्ये कित्येक वर्षं असा नियम होता की बेटावर घरकाम, बागकाम, हॉटेलकाम करणाऱ्यांनी पोलीस खात्यात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, फोटो काढायचा आणि ओळखपत्र जवळ बाळगायचं. बंगल्याच्या मालकाला असलं काही नाही. फक्त नोकराला. त्याविरुद्ध एक कामगार फेडरल कोर्टात गेला आणि १९८५ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरला. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या विधिमंडळानेही अशा स्थानिक नोंदणीवर राज्यभर बंदी घातली.

तेव्हा पोलीस कोणाचे, या प्रश्नाला एक उत्तर त्या ओळखपत्रांत आहे. गावाच्या कौन्सिलने नियम केला आणि गावाच्या पोलिसांनी तो राबवला. तो मोडून काढायला बाहेरचं कोर्ट लागलं. स्थानिक पोलीस हे स्थानिक बहुमताच्या भीतीचे पोलीस असतात, आणि पाम बीचचं बहुमत कुणाला घाबरतं ते उघड आहे.

---

तिठ्यावरची

@खटलेवाला, हे वाचताना अंगावर काटा आला, कारण आमच्या सोसायटीत आजही हेच चालतं. घरकामाला येणाऱ्या मावशींचं पोलीस व्हेरिफिकेशन हवं, आधारची झेरॉक्स हवी, गेटवर वेगळं रजिस्टर हवं. शिवाय लिफ्टही वेगळी. आणि ज्या घरात त्या काम करतात तिथल्या माणसांची माहिती त्यांना कोण देतं? कुणीच नाही. एका मावशींना पगार बुडवणाऱ्या घराचा पत्ता दुसऱ्या मावशींकडूनच कळतो.

---

तुषार_कांदिवली

पाम बीचवर अजून एक केस. पुरुषांनी उघड्या अंगाने जॉगिंग करायचं नाही असा तिथे नियम होता! पोलीस पळणाऱ्याला थांबवून शर्ट घालायला सांगत. त्यावर खटला झाला आणि १९८७ मध्ये अपील कोर्टाने नियम उडवला. समुद्राकाठचं गाव आणि शर्ट सक्तीचा! आमच्या चौपाटीवर सकाळी सहाला हे लागू केलं तर काकामंडळी मोर्चा काढतील 😀

---

निवृत्त_ठाणेदार

धागा वाचत होतो. राज्य पोलीस दलात नोकरी झाली, त्यातली बरीच किनाऱ्यावरच्या तालुक्यांत. पूलपार ताईंनी ज्या तपासाचा उल्लेख केला तो मी उपलब्ध कागदपत्रांतून पोलिसाच्या नजरेने वाचला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मार्च २००५. एक बाई पाम बीच पोलिसांना फोन करून सांगते की तिच्या १४ वर्षांच्या सावत्र मुलीला एका बंगल्यात नेऊन पैसे दिले गेले. आपल्याकडे अशा फोनचं काय होतं ते मला विचारू नका. तिथे प्रमुख होते मायकल रायटर, आणि पुढे तपास गेला डिटेक्टिव्ह जोसेफ रेकॅरी यांच्याकडे. तपास वर्षभराहून जास्त चालला.

त्यांनी काय केलं बघा. बंगल्यातला कचरा. गावाची कचरागाडी जो कचरा उचलते तो वेगळा काढून पोलिसांकडे यायचा. त्यात फोन आलेल्या मुलींची नावं आणि नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या सापडल्या. एका मुलीच्या जबाबावरून दुसरीकडे, दुसरीवरून तिसरीकडे. एकमेकींना न ओळखणाऱ्या मुली तीच हकीकत सांगायला लागल्या की तपासी अंमलदाराला कळतं आपण कशावर हात ठेवलाय. ऑक्टोबर २००५ मध्ये घरझडती घेतली. तोवर घरातले संगणक हलवलेले होते, नुसत्या वायरी राहिल्या होत्या. झडतीची खबर आधी फुटली असेल, असं कोणत्याही पोलिसाला वाटेल.

यात गावाच्या पोलिसाचा फायदा कुठे आहे हे लक्षात घ्या. कचरागाडीवाल्याला तो नावाने ओळखतो. कोणत्या बंगल्यात हंगामात कोण असतं, माळी कोण, जुना नोकर कोण आणि का सोडून गेला, हे त्याला माहीत असतं. राजधानीतून आलेल्या पथकाला हे समजायलाच महिने जातात.

आता वरचं. मे २००६ मध्ये पोलिसांनी अल्पवयीन मुलींशी लैंगिक संबंधांचे गंभीर आरोप ठेवावेत म्हणून कागद दिले. त्याच १ मे रोजी रायटर यांनी स्टेट अॅटर्नी बॅरी क्रिशर यांना पत्र लिहिलं, की तुम्ही या खटल्यातून बाजूला होण्याचा विचार करावा. लहान गावाच्या पोलीसप्रमुखाने जिल्ह्याच्या निवडून आलेल्या सरकारी वकिलाला असं लेखी कळवणं म्हणजे काय, हे ज्याने नोकरी केली त्यालाच कळेल. जुलै २००६ मध्ये ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) वेश्याव्यवसायासाठी विनवणी केल्याचा एकच आरोप ठेवला. मग रायटर यांनी प्रकरण एफबीआयकडे नेलं.

रेकॅरी मे २०१८ मध्ये वारले, वय जेमतेम ५०. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायामी हेराल्डची जुली ब्राऊन यांची मालिका आली आणि सगळं पुन्हा उघड झालं. एपस्टीनची जुलै २०१९ ची अटक रेकॅरींना बघायला मिळाली नाही. त्या माणसाला माझा सलाम.

---

मीठागर

ठाणेदारसाहेब, प्रतिसाद आवडला. पण एका चांगल्या प्रमुखावरून व्यवस्था चांगली ठरत नाही. रायटर नसते तर?

आणि पैशाच्या बाजूकडे कुणी बघत नाहीये. एपस्टीनने त्या आधी याच पोलीस खात्याला देणगी दिली होती, ती रक्कम पुढे परत केली गेली. आजही तिथे पोलीस आणि अग्निशमन दलासाठी देणग्या गोळा करणारं फाउंडेशन आहे. पोलिसांच्या मुलांना शिष्यवृत्त्या, खात्याला उपकरणं. त्यांचा वार्षिक बॉल, म्हणजे मेजवानीचा समारंभ, मार-अ-लागो क्लबात होत आला आहे. मालक डोनाल्ड ट्रम्प. देणारे सगळे सज्जन असतील, मान्य. पण ज्याने शिष्यवृत्ती दिली त्याच्या घरी समन्स घेऊन जायचं म्हणजे हवालदाराच्या पायात किती वजन येतं?

---

गंधार_एडिसन

मी न्यू जर्सीचा, त्यामुळे आमच्याकडच्या किनाऱ्याबद्दल सांगतो. इथे जवळजवळ प्रत्येक लहान बीचगावाचं स्वतंत्र पोलीस खातं. हिवाळ्यात गाव ओसाड, उन्हाळ्यात मुंगी शिरायला जागा नाही. म्हणून उन्हाळ्यापुरते स्पेशल ऑफिसर भरती करतात. त्यांचे वर्ग ठरलेले : वर्ग एकवाल्याला बंदूक नाही, तो पार्किंग, गर्दी, किरकोळ नियम बघतो. वर्ग दोनवाला प्रशिक्षण घेऊन ड्युटीवर बंदूक बाळगू शकतो. बरेचसे कॉलेजातून नुकते निघालेले पोरगेले असतात. मागे आम्ही दहाबारा मराठी कुटुंबं वाळूत बसून भेळ करत होतो तर त्यातला एक येऊन फार अदबीने सांगून गेला की काचेच्या बरण्या आत ठेवा. चव घ्यायला सांगितलं तर ड्युटीवर आहे म्हणाला.

इथे बऱ्याच बीचवर पाय ठेवायलाही बॅज विकत घ्यावा लागतो. एका गावाने बाहेरच्यांना जास्त दर लावला तेव्हा शेजारचं गावच कोर्टात गेलं. १९७२ चा नेपच्यून सिटी विरुद्ध अॅव्हन-बाय-द-सी निकाल : समुद्रकिनारा सर्वांचा, गावाने तो जनतेच्या वतीने सांभाळायचा, रहिवासी आणि पाहुणा यांना वेगळा दर लावता येणार नाही.

खटलेवाल्यांच्या मुद्द्याला हे पूरक आहे. गावाचे पोलीस चांगलेच आहेत, पण गावाचा नियम वाकडा असेल तर ते वाकडा नियमच राबवणार. नियम सरळ करायला बाहेरचं कुणीतरी लागतं.

---

शणै_मडगाव

आमच्या गोव्यात उलटी तऱ्हा. पोलीस राज्याचे, आणि किनाऱ्यावरच्या पंचायतीच्या हातात ध्वनिक्षेपक बंद करायचीही ताकद नाही. रात्री दोनला संगीत वाजतं, गावकरी फोन करतात, गाडी येते, आवाज कमी होतो, गाडी जाते, आवाज वाढतो. म्हातारी माणसं आणि परीक्षेची पोरं झोपेवाचून. तक्रार करणाऱ्याचं नाव मात्र दुसऱ्या दिवशी क्लबवाल्याला ठाऊक असतं. पाम बीचसारखं स्वतःचं खातं असतं तर निदान सरपंचाला अडवून जाब विचारता आला असता. इथे जाब विचारायला पणजीला जायचं आणि तिथे साहेब बैठकीत.

म्हणून मी पूलपार बाय यांच्या बाजूचा.

---

खटलेवाला

@शणै_मडगाव, दुखणं खरं आहे, पण आपल्याकडे त्यासाठी राज्याचा कायदाच बदलावा लागेल. पोलीस हा सातव्या परिशिष्टातला राज्यसूचीचा विषय. पालिकेकडे अतिक्रमण पथक, आरोग्य निरीक्षक, फार तर सुरक्षारक्षक. अटक करायची तर महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस कायद्याखालचं राज्याचं दलच लागतं. गावपातळीवर उरला तो पोलीस पाटील, १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमातला, मानधनावरचा. खबर द्यायची, मदत करायची, एवढंच.

आणि राज्याच्या हातात असल्याचा दोष दूर करायला सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात निर्देश दिले : ठरावीक कार्यकाळ, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, तक्रार प्राधिकरण. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. अंमलबजावणी कशी आहे ते ठाणेदारसाहेबांनाच विचारा.

---

निवृत्त_ठाणेदार

विचारलंत म्हणून सांगतो, नावं न घेता. एका किनारी तालुक्यात असताना एका बंगल्यावर रात्री कारवाई केली. पहाटेपर्यंत तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून फोन आले, त्यातला एकही तालुक्यातला नव्हता. पुढे बदलीचा कागद आला, कारण "प्रशासकीय". बायकोने सामान बांधताना एक अक्षर विचारलं नाही, तेव्हा मला जास्त लागलं.

म्हणून मला रायटर यांच्या जागेचं महत्त्व वाटतं. त्यांच्यावर दबाव आला असणारच. खाजगी गुप्तहेर आपल्या आणि रेकॅरींच्या मागावर होते, कचरा तपासत होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण त्यांना रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात फेकणारा कागद कुणाकडे नव्हता. त्यांचं खातं त्या गावापुरतंच आहे, तर बदली कुठे करणार? काढून टाकायचं तर उघड काढावं लागलं असतं, वर्तमानपत्रात आलं असतं. ते २००९ मध्ये निवृत्त झाले. मीठागर, तुम्ही म्हणता रायटर नसते तर. मी म्हणतो, रायटरसारखा माणूस खुर्चीवर टिकेल अशी खुर्ची तिथे होती.

---

अंजनवेल

+१००० ठाणेदारसाहेब. बदलीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

---

मीठागर

खुर्चीचा मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण मग शेवट काय झाला ते बघा ना. सप्टेंबर २००७ मध्ये केंद्राचे वकील अलेक्झांडर अकोस्टा यांच्या कार्यालयाने एपस्टीनशी खटला न भरण्याचा करार केला. मुलींना पत्ता नाही. २००८ मध्ये राज्याच्या दोन आरोपांवर कबुली, १८ महिन्यांची शिक्षा, प्रत्यक्षात जेमतेम १३ महिने, आणि त्यातही दिवसाचे बारा बारा तास, आठवड्याचे सहा दिवस बाहेर कामाला जायची सवलत. त्या वेळी पहाऱ्याला असलेल्या शेरीफच्या माणसांचा खर्चही त्यानेच भरलेला. खालच्या पोलिसाने प्रामाणिक कष्ट केले आणि वर ते वाया गेले. मुलींच्या दृष्टीने फरक काय पडला?

---

पूलपार

@मीठागर, फरक पडला. ते कागद राहिले. रेकॅरींनी घेतलेले जबाब, तो चिठ्ठ्यांचा पंचनामा, ग्रँड ज्युरीनंतर रायटर यांनी पीडित कुटुंबांना स्वतः पाठवलेली पत्रं, ज्यात न्याय पुरता झालेला नाही असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पुढे पत्रकार आणि वकील उभे राहिले ते या कागदांच्या आधारावर. फेब्रुवारी २०१९ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी म्हटलं की मुलींना अंधारात ठेवून सरकारी वकिलांनी पीडितांच्या हक्कांचा कायदा मोडला. त्याच जुलैत एपस्टीनला अटक झाली आणि तोवर केंद्रात मजूरमंत्री झालेल्या अकोस्टांना पद सोडावं लागलं. ऑगस्टमध्ये तो तुरुंगात मेला, खटला राहिला, हे दुःख आहेच.

आणि तुम्ही मोजलेली प्रत्येक पायरी पुन्हा बघा. क्रिशर, अकोस्टा, शेरीफचा तुरुंग. यातलं कोणतंही गावच्या पोलिसांच्या हातात नव्हतं. मी धागा काढला तो याचसाठी. दोष द्यायचा तर नेमक्या माणसांना द्या. ज्या डिटेक्टिव्हने घाबरलेल्या शाळकरी मुलींशी बोलून बोलून त्यांचा विश्वास मिळवला, त्याला त्या यादीत ढकलू नका.

---

चांदणचुरा

विषय गंभीर चालू आहे, पण एक माहिती हवी. मार-अ-लागोचा बंदोबस्त कोण करतं? गावचे पोलीस? त्यांना परवडतं?

---

पूलपार

@चांदणचुरा, ट्रम्प राष्ट्राध्यक्ष असताना आतली सुरक्षा सिक्रेट सर्व्हिसची, बाहेरच्या नाकाबंदीचा मोठा भार शेरीफवर, खाडीत आणि समुद्रात कोस्ट गार्ड, आणि गावाच्या पोलिसांवर वाहतूक आणि आजूबाजूची गस्त. साउथ ओशन बुलेव्हार्ड बंद झाला की माझ्यासारखीला साइटवर पोचायला फार उशीर होतो. माळी, रंगारी, स्वयंपाकी सगळे त्याच रांगेत. बंगल्यातल्यांना त्याचं काही वाटत नाही, ते घरातच असतात.

एक किस्सा मात्र गावच्या पोलिसांचाच. २०२० च्या जुलैअखेरीस त्यांना पाहून तीन पोरं पळाली आणि लपायला एक भिंत चढून आत उडी मारली. जवळच्या बॅगेत भरलेली एके-४७. भिंत मार-अ-लागोची! पोलिसांच्या म्हणण्यानुसार पोरांना आपण कुठे शिरलोय याची कल्पनाच नव्हती.

---

तुषार_कांदिवली

आणि झेंड्याचं भांडण? २००६ मध्ये ट्रम्प यांनी तिथे ८० फुटी खांब उभारला, गावाने रोजचा दंड लावला, त्यांनी गावावर अडीच कोटी डॉलरचा दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली : खांब हलवायचा आणि माजी सैनिकांच्या संस्थांना एक लाख डॉलर द्यायचे. गाव श्रीमंतांना दंड लावायला घाबरत नाही, एवढं तरी म्हणावं लागेल.

---

खटलेवाला

@तुषार, तो दंड पोलिसांनी नव्हे, गावाच्या बांधकाम नियमांखाली लावलेला. पण मुद्दा पोचला. शेजाऱ्याच्या दृश्याआड खांब आला म्हणून श्रीमंताने श्रीमंताला दंड करणं वेगळं, आणि शाळकरी मुलीच्या शब्दावर श्रीमंताला धरणं वेगळं.

---

जुनीपानं

खटलेवाल्यांच्या ओळखपत्रांना आणखी मागे न्यायला हवं. हेन्री फ्लॅग्लरने १८९४ मध्ये बेटावर रॉयल पॉइन्सियाना हे अजस्र हॉटेल उघडलं. कामगार कुठे राहणार? त्यांच्यासाठी खाडीपलीकडे वेस्ट पाम बीच वसवलं. म्हणजे पूलपार ताई राहतात ते शहरच मुळात नोकरांसाठी. बेटावर स्टिक्स नावाची कृष्णवर्णीय कामगारांची वस्ती होती, तीही १९१२ च्या सुमारापर्यंत रिकामी झाली आणि लोकांना पाण्यापलीकडे जावं लागलं. गाव स्थापन झालं १९११ ला. तारखा जवळजवळ ठेवून बघा. पोलीस कोणासाठी, याच्या आधी गाव कोणासाठी हा प्रश्न येतो.

---

तिठ्यावरची

@जुनीपानं, बाप रे. हे अजिबात माहीत नव्हतं. यावर वेगळा धागा काढाच.

---

गंधार_एडिसन

अवांतर : ताई, डिसेंबरात आईबाबांना घेऊन मायामीला येतोय. पाम बीच बघता येईल का, की पोलीस पुलावरच अडवतील? बाबांना किनाऱ्यावर चालायची फार हौस.

---

पूलपार

@गंधार, बिनधास्त या. पुलावर नंबरप्लेट टिपणारे कॅमेरे आहेत, अडवत कुणी नाही. मिडटाऊन बीच आणि दक्षिणेला फिप्स ओशन पार्क हे सार्वजनिक किनारे आहेत. फ्लोरिडात भरतीच्या रेषेखालची ओली वाळू सगळ्यांची, कुणाच्याही बंगल्यासमोर असली तरी बाबा तिथून खुशाल चालू शकतात. कोरड्या वाळूवर मात्र पाट्या बघा. पार्किंगची वेळ काटेकोर पाळा, पावती फार तत्परतेने मिळते. खाडीच्या बाजूचा लेक ट्रेल तर आईंना नक्की आवडेल, सपाट आणि सावलीचा. आणि उतरताना गाडी कुलूप लावून किल्ली खिशात ठेवा. या गावात चोरीला जाणाऱ्या कितीतरी गाड्या उघड्या, किल्ली आतच ठेवलेल्या असतात, पोलीस सांगून थकले.

---

मीठागर

मूळ प्रश्नाकडे येतो. ठाणेदारसाहेबांचा बदलीचा मुद्दा दोन दिवस डोक्यात घोळतोय. गावाचे पोलीस असावेत, पण तीन अटींवर : खात्याने खाजगी देणगी घ्यायची नाही, प्रमुखाला कारण लिहून दिल्याशिवाय काढायचं नाही, आणि वरच्या वकिलाने प्रकरण दाबलं तर तपासाचे कागद ठरावीक मुदतीनंतर खुले व्हायला हवेत.

---

खटलेवाला

तिसरी अट फ्लोरिडाने या प्रकरणापुरती तरी पाळली. फेब्रुवारी २०२४ मध्ये खास कायदा केला आणि १ जुलै २०२४ ला २००६ च्या ग्रँड ज्युरीचं कामकाज खुलं झालं. त्यात दिसतं की आरोप मागायला उभ्या राहिलेल्या सरकारी वकिलांनीच त्या मुलींकडे वेश्या म्हणून बोट दाखवलं होतं. अठरा वर्षं लागली, पण कागद बाहेर आले.

माझी चौथी अट : गावाच्या नियमांना आव्हान देणाऱ्याचा कोर्टखर्च गावाने भरावा. तसं झालं तर ओळखपत्रासारखा नियम इतकी वर्षं टिकणार नाही.

---

निवृत्त_ठाणेदार

चारही अटी मान्य. माझी पाचवी जोडा. अल्पवयीन मुलीची फिर्याद घेणाऱ्या अंमलदाराला ते प्रकरण संपेपर्यंत त्यावरून हलवायचं नाही. त्या मुली एकदाच विश्वास टाकतात. माणूस बदलला की जबाब फिरतात, आणि मग कोर्टात "फितूर" म्हणून आपण त्यांनाच नावं ठेवतो.

---

शणै_मडगाव

पाचही अटींसकट एक खातं आमच्या पंचायतीला पाठवून द्या. कालही रात्री दोनपर्यंत वाजत होतं.